छायाचित्रातली छाया : इंदूरच्या उन्हात आणि दिव्यांत फोटो काढताना

फोटोला आपण छायाचित्र म्हणतो. युरोपातल्या भाषांनी उजेड धरला आणि 'प्रकाशाने काढलेलं' अशा अर्थाचा शब्द घडवला. आपल्याकडे सावली धरली गेली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने आपला शब्द जास्त कामाचा आहे. उजेड हवेतून येताना दिसत नाही. तो कुठून येतोय, कडक आहे की पसरलेला, हे सगळं सावलीवरूनच कळतं. म्हणून कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी समोरची सावली बघायची आणि तिला तीन गोष्टी विचारायच्या : तू कुठे पडलीस, तुझी कड कशी आहे, आणि तू किती काळी आहेस.

महागडा कॅमेरा घेतला म्हणून ही तीन उत्तरं बदलत नाहीत. खाली दिलेलं बहुतेक सगळं मोबाईलवर जमतं. जिथे जमत नाही तिथे तसं सांगितलं आहे.

एक नारळ, एक खिडकी

सुरुवात घरीच करा. शेंडीसकट एक नारळ घ्या आणि खिडकीपासून साधारण एक मीटरवर, स्टुलावर ठेवा. थेट ऊन आत येत असेल तर ती खिडकी नको, दुसरी शोधा, किंवा पांढरा पातळ पडदा लावा. खोलीतले सगळे दिवे बंद करा. दिव्याचा रंग वेगळा आणि खिडकीतल्या उजेडाचा वेगळा. दोन्ही एकत्र आले की नारळाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते, आणि ते नंतर दुरुस्त करताना नाकी नऊ येतात.

आता नारळ जागचा हलवू नका, तुम्ही त्याच्याभोवती फिरा. खिडकी तुमच्या पाठीशी असताना एक फोटो, ती डाव्या-उजव्या बाजूला असताना एक, नारळाच्या मागे असताना एक, आणि बाजू व मागे यांच्या मधल्या कोपऱ्यावरून एक. चारही शेजारी शेजारी लावून बघा. पाठीशी खिडकी असलेल्या फोटोत नारळ पुठ्ठ्याचा कापून लावल्यासारखा दिसेल, कारण सावल्या त्याच्यामागे लपल्या. बाजूच्या उजेडात प्रत्येक काथ्याची स्वतंत्र सावली पडते आणि गोलाई दिसायला लागते. मागून उजेड आला तर नारळ काळा आणि त्याच्या कडेने प्रकाशाची रेघ. चौथा बहुतेकांना सगळ्यात आवडतो, आणि पुढे खाण्याचे फोटो काढताना तोच कामाला येतो.

मग बाजूचा उजेड ठेवून काळ्या बाजूला, नारळापासून वीतभर अंतरावर, घडी घातलेलं पांढरं धोतर किंवा कोरा कागद धरा. सावली उजळेल, पण नाहीशी होणार नाही. स्टीलचं ताट धरलंत तर चकाकीचे तुकडे पडतात, ते नको. उलट, तिथे उघडी काळी छत्री धरली तर सावली आणखी गडद होते. सावली 'किती काळी' हे ठरवणं तुमच्या हातात आहे, हे या एका धोतराने समजतं. स्टुडिओतल्या छत्र्या आणि पांढरे बोर्ड याहून वेगळं काही करत नाहीत.

शेवटची पायरी : नारळ खिडकीपासून तीन मीटर आत न्या. उजेड बराच कमी होईल, सावलीची कड जास्त धारदार होईल. उजेडाचं मूळ वस्तूच्या मानाने जेवढं मोठं, तेवढी सावलीची कड मऊ. दूर गेल्यावर तीच खिडकी नारळाला लहान दिसते. आकाशातला सूर्य प्रत्यक्षात प्रचंड, पण इथून दिसतो अर्ध्या अंशाचा. म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते.

इंदूरचं ऊन

इंदूर कर्कवृत्ताच्या जेमतेम दक्षिणेला, साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि माणसाची सावली पायाखाली गोळा होते. चेहऱ्यावर याचा अर्थ असा की डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाखाली मिशीसारखी सावली, कपाळ आणि गालाची हाडं पांढरीफट्ट. अशा वेळी बाहेर माणसाचा फोटो काढूच नये. फार तर ओसरीत, कमानीखाली किंवा झाडाच्या दाट सावलीत न्यावं. विरळ झाड टाळा, चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडतात आणि फोटोत ते कोडासारखे दिसतात.

डिसेंबरच्या शेवटी चित्र वेगळं. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून चव्वेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर तिरपं ऊन मिळतं. फोटो शिकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी यासारखे महिने नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट : घड्याळातले बारा म्हणजे इंदूरची खरी मध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आणि इंदूर आहे ७५.९ च्या आसपास. म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराला. सकाळचा चांगला उजेड त्यामुळे थोडा उशिरापर्यंत टिकतो.

सूर्य क्षितिजापासून दहा अंशांच्या आत असताना, म्हणजे उगवल्यानंतर आणि मावळण्याआधी साधारण पाऊण तास, ऊन पिवळसर, लांब सावल्यांचं असतं. डिसेंबरअखेरीस सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. जूनमध्ये हे पावणेसहा आणि सव्वासातच्या आसपास जातं. थंडीत सकाळी पोह्यांच्या गाडीवर जा. पातेल्यातून वाफ निघत असते. सूर्य वाफेच्या मागे येईल असे उभे राहा आणि वाफेच्या मागे बंद दुकानाचं काळं शटर किंवा सावलीतली भिंत घ्या. समोरून ऊन पडलेली वाफ फोटोत दिसतच नाही. मागून ऊन आणि पार्श्वभूमी काळी असली की तीच वाफ रेशमासारखी उठून येते. सूर्य थेट लेन्समध्ये घुसून फोटो पांढुरका होत असेल तर तळहात लेन्सच्या वर, चौकटीबाहेर धरा. मोबाईलच्या लेन्सवर बोटांचं तेल असेल तर पांढुरका होणारच. काढण्याआधी स्वच्छ मऊ सुती कापडाने पुसून घेणं ही जगातली सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे.

राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या

होळकरांच्या राजवाड्याचं तोंड पूर्वेला आहे. म्हणून सकाळी आठच्या सुमाराला दर्शनी भागावर समोरून ऊन असतं : रंग छान, खोली कमी. हिवाळ्यात साडेदहा-अकराला या. सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, ऊन भिंतीला घासून जातं, आणि खालचे तीन दगडी मजले व वरचे चार लाकडी मजले यांतला प्रत्येक कोनाडा, सज्जा आणि कमान आपापली सावली टाकते. संध्याकाळी दर्शनी भाग पूर्ण सावलीत आणि मागे उजळ आभाळ; तेव्हा काढलेला फोटो एकतर काळा वाडा देतो किंवा पांढरं आभाळ. त्यापेक्षा सूर्यास्तानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटं थांबा. आभाळ गडद निळं होतं, दिवे लागलेले असतात, आणि दोन्हींचा उजेड थोडा वेळ तोलात येतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश पटकन संपतो, म्हणून जागा आधी ठरवून ठेवा. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ १००, एफ/८, शटर दोन ते चार सेकंद (हे आकडे पुढे 'तीन आकडे' या भागात समजावले आहेत), आणि बटण दाबताना हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. समोरून जाणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा येतील, त्या येऊ द्या. तिपाईला ऐतिहासिक जागी परवानगी लागू शकते. आधी विचारलेलं बरं.

सात मजली इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून मोबाईल वर केला की वाडा मागे झुकल्यासारखा दिसतो. मोबाईल वाकडा केल्यामुळे असं होतं, उंचीमुळे नव्हे. उपाय : जमेल तेवढं मागे या, मोबाईल भिंतीला समांतर उभा धरा, आणि खाली जो रिकामा रस्ता येईल तो नंतर कापून टाका. समोरच्या एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून काढायला मिळालं तर याहून चांगलं.

इमारतींच्या उभ्या रेषा सरळ कशा ठेवाव्यात हे बघायचं असेल तर लाला दीनदयाळ यांची मध्य भारतातली छायाचित्रं बघा. मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ रुडकीला शिकून इंदूरला आले ते सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं, आणि पुढे निजामाने त्यांना 'राजा' किताब दिला. नकाशे काढणाऱ्याची नजर त्यांच्या फोटोंत स्पष्ट दिसते : खांब उभे, पायऱ्या आडव्या, आणि सावली अशा बाजूला की नक्षीची खोली मोजता यावी. काचेच्या जड प्लेटा आणि मंद रसायनं घेऊन फिरणाऱ्या माणसाला वीस फोटो काढून एक निवडायची चैन परवडत नव्हती. सूर्य कुठे येईल याचा हिशेब आधी करावाच लागे.

त्याच तुकोजीरावांची छत्री, म्हणजे स्मारक, कान्ह नदीच्या काठी, कृष्णपुऱ्यात आहे. तिथे एक धडा फार चांगला शिकता येतो. छत्रीच्या आत, खांबांच्या सावलीत उभे राहून बाहेर कॅमेरा धरा. आत अंधार, बाहेर ऊन. डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला नाही. मोबाईलच्या पडद्यावर बाहेरच्या उजेडावर बोट दाबलं तर खांब काळे कापल्यासारखे, आतल्या खांबावर दाबलं तर बाहेरचं सगळं पांढरं. यातलं 'बरोबर' काही नाही. तुम्हाला खांबांची कमान दाखवायची आहे की खांबावरची नक्षी, हे तुम्ही ठरवायचं. मोबाईलचं एचडीआर वेगवेगळ्या उजेडाचे फोटो जोडून दोन्ही दाखवायला बघतं आणि पुष्कळदा सगळं राखाडी, सावलीविना करून ठेवतं. अशा ठिकाणी ते बंद करून बघा.

तीन आकडे

फोटो किती उजळ येईल हे तीन गोष्टी ठरवतात. छिद्र, म्हणजे एफचा आकडा : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. दर पायरीला उजेड निम्मा होतो, आणि आकडा मोठा तसं पुढचं-मागचं जास्त स्पष्ट. शटर, म्हणजे वेळ : १/१००, १/२००, १/४००; हेही निम्मं निम्मं. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील : १००, २००, ४००; हा दुप्पट दुप्पट, आणि वाढला की फोटोत दाणे. बहुतेक मोबाईलमध्ये छिद्र बदलत नाही, बाकी दोन बदलतात.

सुरुवातीचा आकडा सावलीच्या कडेवरूनच काढता येतो, आणि ही जुनी फिल्मवाल्यांची युक्ती आजही चुकत नाही. आयएसओ १००, शटर १/१०० ठेवा. सावली धारदार असेल तर एफ/१६. कड मऊ झाली असेल तर एफ/११. सावली जेमतेम दिसत असेल तर एफ/८. दाट ढग, सावलीच नाही, तर एफ/५.६. आणि उन्हाच्या दिवशी तुम्ही स्वतः इमारतीच्या सावलीत असाल, वर आभाळ मोकळं, तर एफ/४. यातून कुठेही सरकता येतं : एफ/१६ आणि १/१०० म्हणजेच एफ/८ आणि १/४००.

मग कॅमेरा स्वतः का चुकतो? कारण समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडी असावं असं तो धरून चालतो. पांढऱ्या शुभ्र कुडत्यातला माणूस पांढऱ्या भिंतीपुढे उभा केला तर कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला. तो कमी करतो आणि कुडता मळका येतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अधिक एक (एक पायरी जास्त) करा. काळ्या शालूतली बाई काळ्या दारापुढे असेल तर उलट, उणे एक. हळदीच्या दिवशी पिवळी साडी, पिवळा चेहरा, वर ऊन. तिथे कॅमेऱ्याच्या नेहमीच्या उजेडाच्या आलेखात (हिस्टोग्राममध्ये) सगळं ठीक दिसतं आणि तरी साडीच्या घड्या नाहीशा होतात, कारण फक्त लाल रंगाची नोंद काठोकाठ भरून वाहून गेलेली असते. लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आलेख लावा आणि लाल रंग उजव्या भिंतीला आपटत असेल तर उणे एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश करा. शंका असेल तेव्हा उजळ भाग वाचवा : काळोखातून थोडंफार बाहेर काढता येतं, पांढरं झालेलं परत येत नाही.

मोबाईलवर : जिथला उजेड हवा तिथे बोट दाबून धरा, कुलूप लागेपर्यंत, मग सूर्याचं चिन्ह खाली-वर ओढा. कुलूप न लावता ओढलंत तर माणूस जरा हलला की मोबाईल आपलं शहाणपण पुन्हा सुरू करतो.

माणसं

रामबागेतल्या किंवा राजेंद्रनगरातल्या कुठल्याही घरात आजींचा फोटो काढायचा झाला की त्यांना सोफ्यावर बसवतात, मागे टीव्ही, डोक्यावर ट्यूबलाइट. सोफा सोडा. नारळाची जागा आठवा : खिडकीपासून एक मीटर, खिडकी त्यांच्या एका बाजूला आणि किंचित पुढे. त्यांना नाक हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगा. दूरच्या गालावर उजेडाचा लहानसा त्रिकोण उमटला की थांबा. मागची भिंत जेवढी दूर तेवढी काळोखात जाईल. सेटिंग : एफ/२.८, शटर १/१२५, आयएसओ ८०० पासून सुरुवात. फोकस जवळच्या डोळ्यावर. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा सेंटिमीटर वर. काच खाली झुकते आणि चमक निघून जाते.

अंतराकडे लक्ष द्या. हातभर अंतरावरून मोबाईल धरला की नाक मोठं आणि कान लहान येतात. हा लेन्सचा दोष नसून जवळिकीचा आहे. दीड ते दोन मीटर मागे या आणि मोबाईलचं दुप्पट लेन्स लावा, असल्यास. बोटांनी ओढून केलेलं झूम म्हणजे नुसतं कापणं. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड सुटे केस, फेट्याचा तुरा आणि नथीच्या मोत्यांवर हमखास चुकतो. तुरा अर्धा धूसर झालेला नवरदेव किती अल्बमांत बसलाय!

'हसा' म्हणू नका. हातात काम द्या. 'आजी, वाती वळता वळताच बोला ना' म्हटलं की खांदे सैल होतात, नजर खाली जाते, आणि मधूनच त्या वर बघतात. तो क्षण पकडायला बोट आधीपासून बटणावर हवं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मात्र आधी विचारा. डोळ्यांनी, मानेने विचारलं तरी चालतं. 'नको' म्हणाले तर नको.

सराफ्यात रात्री

दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री दुकानं मिटली की त्याच ओट्यांवर खाण्याची गर्दी. फोटोसाठी सराफा म्हणजे परीक्षा : दिवे रंगीबेरंगी, माणसं हलती, जागा नाही. तिपाई विसरा, लोक अडखळतील आणि दोन शब्द ऐकवतील.

पहिली अडचण रंगाची. एका गाडीवर पिवळा दिवा, शेजारी पांढरी एलईडी, मागे लाल पाटी. दिव्याच्या रंगाप्रमाणे पांढरं पांढरं दाखवणारं कॅमेऱ्याचं आपोआप चालणारं व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोत वेगळा निर्णय घेतं. ते बंद करा आणि ज्या गाडीचा फोटो काढताय तिच्या दिव्याला जुळवा : पिवळट दिव्याला ३००० ते ३२०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), पांढऱ्या ट्यूबला ५५०० ते ६५००. जलेबी केशरी दिसायला हवी म्हणून थोडी ऊब शिल्लक ठेवा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढलंत तर घरी बदलता येतं, पण एकाच फोटोत दोन रंगांचे दिवे असतील तर रॉही पूर्ण वाचवत नाही. उभं राहायची जागा बदलून एकच दिवा चौकटीत ठेवणं हाच खरा उपाय.

दुसरी अडचण पट्ट्यांची. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर १/२५० किंवा त्याहून जलद ठेवलं की फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० ठेवा. सरकत्या अक्षरांच्या पाट्या वेगळ्याच गतीने लुकलुकतात. त्या चौकटीबाहेर ठेवणंच बरं.

मग दहीवड्याचा द्रोण हवेत उडवतात तो १/१०० ला कसा मिळणार? द्रोण वर जाताना आणि खाली येताना वेगात असतो, पण अगदी टोकाला पोचल्यावर क्षणभर थांबतो. तिथे १/१०० पुरतं. आधी तीन-चार फेका नुसत्या बघा, टोक कुठे येतं ते ठरवा, तिथे फोकसचं कुलूप लावा, आणि द्रोण टोकाला पोचायच्या किंचित आधी सलग फोटोंचं बटण दाबून ठेवा. टोकाला पोचल्यावर दाबलं तर बोटाचा उशीर तुम्हाला रिकामी हवा देईल. दिवे लुकलुकत नसतील, तर १/५०० पर्यंत जा. चांगल्या उजेडाच्या गाडीपुढे एफ/२.८, आयएसओ ३२०० ला १/२५० ते १/५०० मिळतं. १/१०० ला तोच आयएसओ साधारण ६४० ते १२५० वर येतो. एफ/१.८ ची ५० मिलिमीटर लेन्स स्वस्तात मिळते आणि सराफ्यात सगळ्यात जास्त कामाला येते, पण लहान सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या पट्टीच्या) कॅमेऱ्यावर ती लांबची होते. दाटीत मागे सरकायला जागा नसते. ३५ ची असेल तर तीच न्या.

भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद) नुसतेच काढले तर पिवळ्या-तपकिरी ढिगाऱ्यासारखे दिसतात. द्रोणावर वरून फ्लॅश मारू नका, तेल चमकतं आणि सावली मरते. द्रोण अशा जागी धरा की गाडीचा दिवा त्याच्या मागच्या कोपऱ्यातून येईल. लिंबाचे थेंब, जिरावण मसाल्याची भुकटी, खोबऱ्याचा कीस सगळं सावलीसकट उभं राहतं. पुन्हा तो नारळाचा चौथा फोटोच.

गेर

रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरात गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते : ट्रॅक्टर, टँकर, हवेत मजले ओलांडून जाणारा गुलाल. सुंदर फोटो मिळतात आणि कॅमेरेही मरतात. गुलालाची भुकटी बारीक असते आणि पाण्याबरोबर प्रत्येक फटीत शिरते.

निघण्याआधी : एकच लेन्स लावा, तिच्यावर साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्स झाकणारी पारदर्शक काच. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीला फिल्टरएवढं भोक पाडून ती लेन्सच्या टोकाला रबरबँडने घट्ट बांधा. मागची बाजू मोकळी, हात आत घालायला. बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं. गर्दीत लेन्स किंवा कार्ड बदलायचं नाही म्हणजे नाही.

गुलालाच्या ढगात ऑटोफोकस पुढे-मागे भटकत राहतो. म्हणून तो बंद करा. साध्या कॅमेऱ्याच्या किटमधली लेन्स १८ मिलिमीटरवर, एफ/८, फोकस हाताने दोन मीटरवर : एक मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २८ मिलिमीटर असेल तर फोकस सव्वातीन मीटरवर ठेवा, दीड-पावणेदोन मीटरपासून पुढचं मिळेल. अंतराची खूण नसलेली लेन्स असेल तर घरीच दोन मीटर मोजून फोकस करा आणि कडी चिकटपट्टीने बांधून टाका. शटर १/१००० च्या खाली नको. उडणारा रंग त्याहून मंद शटरला नुसता धूर दिसतो. उजळ रंगाने कॅमेरा फसतो, म्हणून आकडे हाताने ठरवून कायम करा. ढगामागे सूर्य आला की गुलाल आतून पेटल्यासारखा दिसतो. त्यासाठी मिरवणूक तुमच्याकडे सूर्याच्या बाजूने येईल असा कोपरा गाठा, शक्यतो ओळखीच्यांच्या गच्चीवरून.

घरी आल्यावर आधी पुसू नका. भुकटी घासली की काचेवर चरे पडतात. रबरी फुग्याने हवा मारा, मऊ ब्रशने झटका, मग किंचित ओलसर कापड. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात. मोबाईल भिजला असेल तर तो पाणी न शिरणारा असला तरी चार्जिंगची खाच पूर्ण वाळेपर्यंत वायर लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय सोडून द्या. तांदळाचा कोंडा खाचेत बसतो.

निवड

फोटो काढणं म्हणजे बहुतांशी गाळणं. काढताना चौकटीच्या चारही कडा एकदा नजरेने फिरून या : डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातली अर्धी चप्पल, वरून लोंबणारी वायर. एक पाऊल डावीकडे सरकलं की बहुतेक कचरा जातो. कुठल्याही जागी तीन प्रकारचे फोटो घ्या : जागा कळेल असा लांबून, काय चाललंय ते कळेल असा मधून, आणि फक्त हात किंवा वस्तू असा जवळून. घरी आल्यावर दोनशेंतून दहा ठेवा. एकाच क्षणाचे सहा फोटो असतील तर एकच ठेवा. कोणता हे ठरत नसेल तर लहान करून, अंगठ्याच्या नखाएवढे बघा. जो तेवढ्यातही वाचता येतो तो बहुधा सगळ्यांत भक्कम असतो.

कागद आणि पावसाळा

आठ बाय बारा इंचांचा चांगला प्रिंट हवा तर इंचाला तीनशे बिंदूंच्या हिशेबाने २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्या आत. तीच फाइल इंचाला दोनशेने छापली तर बारा बाय अठरा निघते आणि भिंतीवर हातभर अंतरावरून ठीक दिसते. नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मात्र छापायला देऊ नका, तो वाटेत दाबला गेलेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाउडवर.

जुलै ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या बॅगेत ठेवू नका. बंद, दमट अंधारात काचेवर बुरशी जाळं विणते आणि तिचे चट्टे काचेचा थर खातात. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत पन्नास-शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि एक लहानसं आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलले की ते जुन्या कढईत मंद आचेवर, ढवळत, रंग परत येईपर्यंत गरम करा. ती कढई पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. दाणे पूर्ण गार झाले की मगच डब्यात टाका, नाहीतर डब्यातच दव धरतं.